पहिल्या मोठ्या कार्टिंग मीटला निघालात? मग आधी हे वाचा

क्लबच्या छोट्या शर्यतींत दोन-चार वेळा पहिल्या पाचांत आलो आणि डोक्यात शिरलं की आता मोठ्या मीटला उतरायचं. उतरलो. परत आल्यावर वहीत हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की चार दिवसांत मी ट्रॅकवर होतो जेमतेम दीड तास. सराव आणि तीन हीट (फायनलआधीच्या छोट्या शर्यती), सगळं धरून. बाकीचा वेळ रांगा लावण्यात, कागद दाखवण्यात, वजनकाट्यावर चढण्यात, टायर चढवण्या-उतरवण्यात आणि आपल्या गटाचा पुकारा झाला की काय म्हणून कान टवकारण्यात गेला. याच बाकीच्या वेळात मी तीन चुका केल्या. ट्रॅकवर दोनदा गरागरा फिरलो त्याचं नुकसान त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.

वळण कुठून घ्यायचं, ब्रेक कधी मारायचा, हे इथे सापडणार नाही. तुमची गाडी एका गिअरची, १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाची आहे (रोटॅक्स मॅक्स, आयएएमई एक्स३० किंवा तशीच एखादी) असं धरून लिहितोय. सोबत एक मदतनीस असेल असंही धरलंय. नसेल तर आधी तो शोधा. माझ्याबरोबर धाकटा भाऊ होता. त्याचं नाव पुढे दोन ठिकाणी येईल, एकदा कौतुकाने आणि एकदा नाही.

१. नियमावली छापून घ्या

प्रत्येक मीटचे स्वतःचे पुरवणी नियम असतात, त्यांना सगळे ‘सप रेग्ज’ म्हणतात. फोनवर नुसते चाळू नका. छापा, पेनाने खुणा करा आणि गाडीच्या पेटीत ठेवा. त्यातल्या पाच गोष्टी तुमच्या कामाच्या: तुमच्या विभागाचं किमान वजन, टायरची कंपनी, मॉडेल आणि किती सेट वापरता येतील तो आकडा, इंधन कुठून घ्यायचं आणि कुठलं ऑइल चालतं, किती इंजिनं व किती चेसिस (गाडीचे सांगाडे) नोंदवता येतात, आणि प्रवेशअर्जाची शेवटची तारीख.

किमान वजन म्हणजे गाडी आणि चालक मिळून, चालकाच्या अंगावरच्या सगळ्या सामानासकट. क्लबमधल्या आणि मोठ्या मीटच्या एकाच नावाच्या विभागांत या आकड्यात फरक असू शकतो. मी क्लबचाच आकडा धरून चाललो होतो, भावाने वाचून दाखवल्यावर चूक कळली. हे ते कौतुक.

२. कागदपत्रं

फाइल एकच करा आणि ती मदतनीसाकडे द्या. तुमचे हात दिवसभर ऑइलचे असणार. फाइलमध्ये हे हवं:

- स्पर्धक परवाना, मूळ प्रत. फोनवरचा फोटो प्रत्येक ठिकाणी चालत नाही.
- प्रवेश निश्चित झाल्याचं पत्र आणि फी भरल्याची पावती.
- दुसऱ्या देशात जात असाल तर तिथे भाग घ्यायला आपल्या राष्ट्रीय महासंघाची लेखी परवानगी. ही मिळायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.
- वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विम्याचे कागद.
- चालक अल्पवयीन असेल तर पालकांची सही असलेलं संमतीपत्र. पालक स्वतः येणार नसतील तर सोबतच्या माणसाला दिलेलं अधिकारपत्रही.
- चेसिस आणि इंजिनाचे होमोलोगेशनचे (अधिकृत मान्यतेचे) कागद, आणि इंजिन सीलबंद असेल तर त्याचं पासबुक. सीलवरचा नंबर आणि पासबुकातला नंबर घरीच ताडून पाहा.

३. अंगावरचं सामान

क्लबमध्ये सूट फाटका आहे की धड, एवढंच बघतात. मोठ्या मीटला कॉलर उलटून आतलं लेबल वाचतात. कार्टिंगच्या सूटसाठी एफआयएचं (मोटरस्पोर्टचा जागतिक महासंघ) सध्याचं मानक ८८७७-२०२२ आहे. जुन्या मानकाचे सूट कधीपर्यंत चालतील ते नियमावलीत पाहायचं. हेल्मेटच्या आत स्नेलचं (हेल्मेट तपासणारी अमेरिकी संस्था) किंवा एफआयएचं स्टिकर लागतं. मोटरसायकलचं साधं हेल्मेट कितीही महागडं असलं तरी बहुतेक ठिकाणी अडवतात. लहान मुलांसाठी वेगळं, वजनाला हलकं हेल्मेट लागतं (स्टिकरवर सीएमआर अशी अक्षरं असतात), आणि छातीच्या संरक्षक कवचाचं मानक आहे एफआयए ८८७०-२०१८.

बूट घोटा झाकणारे हवेत, हातमोजे पूर्ण बोटांचे. रिब प्रोटेक्टर मोठ्यांना सक्तीचा नसला तरी घाला. कार्टला सस्पेन्शन नसतं. कर्बवरचा (वळणाच्या कडेचा उंचवटा) प्रत्येक दणका सीटच्या कडेतून थेट बरगडीत जातो. क्लबच्या दहा फेऱ्यांत तो जाणवत नाही, तिसऱ्या दिवशी मात्र खोकतानाही जाणवतो.

व्हायझर दोन न्या, एक पारदर्शक आणि एक काळसर. पावसाळी दिवशी काळसर व्हायझर लावून निघालात तर तुमचं तुम्हीच भोगाल.

४. गाडी घरून तयार होऊनच निघाली पाहिजे

पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या ठेवायची आणि तयार करायची जागा) जाऊन करू, असं म्हणून ठेवलेलं काम पॅडॉकमध्ये होत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी पूर्ण उघडा. सगळे नट-बोल्ट पाहा. ब्रेक पेडल, स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे स्टब अॅक्सल या जागी लॉकनट किंवा क्लिप आहे ना, ते हात लावून बघा. ब्रेक पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये मुख्य दांड्याच्या जोडीला दुसरी सुरक्षेची केबल लागते. तपासणीत नवख्यांच्या गाड्या अडकतात त्यातल्या बऱ्याच इथेच.

चेसिसच्या खालच्या नळ्या ट्रॅकला घासून झिजतात. गाडी आडवी करून जोडाच्या जागा पुसा आणि बॅटरीच्या उजेडात तडे शोधा. चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका रेषेत आहेत का ते बघा. चेनला बोटाने वर-खाली साधारण एक सेंटिमीटर ढील ठेवा. ताणलेली चेन पॉवर खाते आणि तुटते, सैल चेन निसटते.

वजन वाढवायला शिशाच्या पट्ट्या लावता ना? प्रत्येक तुकडा किमान दोन बोल्टनी घट्ट केलेला हवा, आणि एफआयएच्या नियमांत हा बोल्ट किमान ६ मि.मी. जाडीचा लागतो. टेप, झिपटाय असले प्रकार दिसले की गाडी परत पाठवतात. पाठवावीच. ताशी शंभरच्या वेगाने सुटलेलं शिसं मागच्याच्या तोंडावर जातं.

५. पेटीत काय हवं

पाने ८, १०, १३ आणि १७ नंबरचे, त्यातला १० नंबरचा एक जास्तीचा, कारण तोच हरवतो. एलन की, प्लगपाना, पकड, चेन तोडायचं यंत्र, टायर रिमवरून सोडवायचं यंत्र. हवा मोजायचा चांगला गेज, आणि तो कुणालाही उसना देऊ नका. प्रत्येक गेज थोडं वेगळं दाखवतो आणि तुमची सगळी टिपणं तुमच्याच गेजवर बेतलेली असतात.

सुटे भाग घ्यायचे ते असे: दोन स्पार्क प्लग, चेन, टाय रॉड, एक स्टब अॅक्सल, स्टिअरिंग कॉलम, थ्रॉटल केबल, बंपरचे क्लॅम्प, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा मूठभर, ब्रेक पॅड. मागची स्प्रॉकेटं तुमच्या अंदाजाच्या दोन दात खाली आणि दोन दात वर अशी पाच. कार्ट ढकलायची ट्रॉली, जमिनीवर अंथरायची इंधनरोधक चटई आणि मुदत न संपलेलं अग्निशामक. शेवटच्या दोन गोष्टी तपासायला पॅडॉकमध्ये माणूस फिरतो.

वही आणि पेन्सिल. पेन नको, ऑइलच्या कागदावर चालत नाही.

६. पहिला दिवस: नोंदणी, स्क्रूटिनी (तपासणी), ब्रीफिंग

पोचल्यावर गाडी उतरवण्याआधी नोंदणीच्या टेबलाशी जा. तिथे सही झाली की मनगटाचे पट्टे, मदतनीसाचा पास, तपासणीचा फॉर्म आणि ट्रान्सपॉन्डर (फेरीची वेळ नोंदवणारं छोटं यंत्र) मिळतो. ट्रान्सपॉन्डर भाड्याचा असेल तर अनामत ठेवतात. तो सीटच्या पाठीमागे सांगितलेल्या उंचीवर बसवायचा. स्वतःचा असेल तर आदल्या रात्री चार्जिंगला लावा आणि नंबर नोंदणीत बरोबर लिहिलाय का ते बघा. एक आकडा चुकला की तुमची वेळ दुसऱ्याच्या नावावर नोंदली जाते.

फॉर्मवर चेसिसचा नंबर, इंजिनांचे नंबर, सील आणि टायरचे बारकोड लिहायचे. यानंतर फॉर्मवर नसलेली वस्तू गाडीला लागली तर निकाल बाद. टायरला रसायन लावून तो मऊ करण्याची लबाडी पकडायला टायरजवळ धरायचं वाफ मोजणारं यंत्र असतं. तुम्ही काही केलं नसलं तरी काळजी घ्या: टायरवर चेन स्प्रे उडला, किंवा टायर पेट्रोलच्या डब्याशेजारी रात्रभर पडला, तरी यंत्राचा काटा चढू शकतो. टायर पिशवीत, इंधन दुसऱ्या कोपऱ्यात.

ड्रायव्हर्स ब्रीफिंगला हजेरी असते आणि चुकवली तर दंड. पहिल्या रांगेत बसा. ट्रॅकच्या कडेची मर्यादा कुठे, सुरुवात कशी देणार, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) शिरताना हात कधी वर करायचा, हे शर्यत संचालक तिथे सांगतात. नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून भागत नाही. शंका असेल तर तिथेच विचारा. मला वाटलं होतं की असलं विचारलं तर लोक हसतील. माझ्या शेजारी बसलेल्या, कितीतरी वर्षं शर्यती करणाऱ्या माणसाने माझ्या मनातलाच प्रश्न विचारला.

मग ट्रॅकवर पायी एक फेरी मारा. कर्ब किती उंच आहेत, कुठे डांबर बदललंय, पाऊस आला तर पाणी कुठे साचेल, हे पायानेच कळतं.

७. सराव: एका वेळी एकच बदल

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी गवतकापणी यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्याला लावलं आणि पहिलं कार्ट तयार झालं. आजच्या गाडीतही दोन गोष्टी तशाच आहेत: सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट अॅक्सलवर, म्हणून एकाच गतीने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग गाडी वळावी कशी? आतलं मागचं चाक क्षणभर हलकं होऊन जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. सेटिंगची सगळी खटपट या एका चाकासाठी चालते. ते उचललंच नाही तर गाडी सरळ रेटत राहते आणि इंजिन दमतं. जास्त वेळ उचललेलं राहिलं तर गाडी उड्या मारते.

एवढं डोक्यात ठेवलं तर शेजारच्या तंबूतले सल्ले चाळणीतून गाळता येतात. मोठ्या मीटला सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. पहिल्या दिवशी मी चार जणांचं ऐकून सीट, मागची रुंदी, टायरची हवा आणि अॅक्सल, सगळं एका दुपारीत बदललं. गाडी बिघडली, पण कशामुळे ते कळायला मार्ग उरला नाही. दुसऱ्या सकाळी सगळं मूळ जागी आणलं तेव्हा वेळ सुधारली.

नवख्याने तीनच गोष्टींना हात लावावा.

टायरची हवा. थंड टायरमध्ये भरलेली हवा चालवून गरम झाली की वाढते, आणि कामाची असते ती ही गरम हवा. सरावातून आत आल्या आल्या चारही टायर मोजून लिहा. ही संधी सरावातच आहे, कारण क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणारं वेळेचं सत्र) आणि हीटनंतर गाडी सरळ पार्क फर्मेत (अधिकाऱ्यांच्या ताब्यातली बंद जागा) जाते आणि तिथे हात लावता येत नाही. कोरड्या ट्रॅकवर सुरुवात साधारण १० ते १४ पीएसआयच्या दरम्यान कुठेतरी होते. नेमका आकडा टायरच्या जातीवर, आणि तो विकणाऱ्याला विचारायला लाज नको. प्री-ग्रिडवर (ट्रॅकवर जाण्याआधी रांगेत थांबायची जागा) गाडी उन्हात उभी असेल तर एका बाजूचे दोन टायर तापतात आणि हवेचं गणित तिथेच चुकतं. एक जुनी चादर सोबत ठेवा.

गिअरिंग. मागच्या स्प्रॉकेटला दात वाढवले की वळणातून उठाव चांगला, कमी केले की सरळ रस्त्यावरचा वेग जास्त. सर्वांत लांब सरळीच्या शेवटी इंजिनाचे फेरे किती जातात ते लॅपटाइमरवर बघा. एक्स३०ला मिनिटाला १६,००० फेऱ्यांवर लिमिटर लागतो, म्हणजे इंजिन त्यापुढे जात नाही. एकट्याने चालवताना लिमिटरच्या अगदी टोकाशी गिअरिंग ठेवलंत, तर शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने हवा कमी लागून वेग वाढतो आणि इंजिन लिमिटरवर जाऊन घुटमळतं. नेमकं ओव्हरटेक करायच्या वेळी.

कार्ब्युरेटर. सकाळची हवा थंड आणि दाट, दुपारची गरम आणि विरळ. दाट हवेला जास्त पेट्रोल लागतं. सकाळचा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) दुपारी जड पडतो, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, दुपारचा जेट दुसऱ्या सकाळी तसाच ठेवला तर इंजिन जास्त तापून पिस्टन पकडू शकतो. शंका आली तर थोडं जड चालवा. दशांश सेकंद जाईल, इंजिन राहील.

इंधनाच्या मिश्रणाबद्दल एवढंच: रोटॅक्सला २ टक्के, म्हणजे ५ लिटरला १०० मि.लि. ऑइल. बाकी इंजिनांचं प्रमाण वेगळं, काहींचं याच्या दुप्पट. डब्यावर मार्करने लिहा आणि एकाच माणसाने मिसळा. दोघांनीही ऑइल घातलेलं किंवा कुणीच न घातलेलं, दोन्ही डबे मी पाहिले आहेत.

८. क्वालिफाइंग, आणि माझी पहिली चूक

प्री-ग्रिडचं फाटक ठरल्या वेळेला बंद होतं. मिनिटभर उशीर म्हणजे उशीर. शेवटच्या क्षणी मला स्प्रॉकेट बदलायची सुबुद्धी सुचली. चेन लावून ढकलत पोचलो तेव्हा माझ्यासमोर साखळी ओढली गेली. वेळच नोंदली गेली नाही, त्यामुळे तिन्ही हीटना शेवटच्या रांगेतून निघालो. तेव्हापासून आमचा नियम: सत्राच्या अर्धा तास आधी पाने पेटीत आणि पेटीला कडी. त्यानंतर बदल फक्त हवेचा.

सत्र सात-आठ मिनिटांचं असतं आणि नवीन टायर आपली सर्वोत्तम वेळ सुरुवातीच्या काही गरम फेऱ्यांतच देतात. सगळे एकदम बाहेर पडतात आणि आपसात ओव्हरटेक करत बसतात. तुमच्याइतक्याच वेगाच्या कुणाच्या तरी मागे चार-पाच गाड्यांचं अंतर सोडून राहिलात तर सरळीवर आडोसा मिळतो आणि वळणात अडथळा होत नाही. ओळखीचा प्रतिस्पर्धी असेल तर आधीच बोलून ठेवा.

९. हीट

गाड्या जास्त असल्या की चार गट पाडतात आणि प्रत्येक गट बाकीच्या तिघांशी एकेकदा धावतो. म्हणून तीन हीट. गुण उलटे: पहिल्याला शून्य, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याची बेरीज कमी तो पुढे. मधेच गाडी बंद पडली तर शेवटच्या क्रमांकाचे गुण बोकांडी बसतात. एफआयएच्या स्पर्धांत फायनलला ३६ गाड्या जातात, आणि अशा ठिकाणी नवख्याचं खरं काम म्हणजे तिन्ही हीट पूर्ण करणं. तिन्ही वेळा चौदावा येणारा, एकदा सहावा येऊन दोनदा आपटलेल्याच्या कितीतरी पुढे असतो.

सुरुवात चालत्या गाड्यांची. दोन रांगा, वेग पोलवाला (पहिल्या जागेवरून निघणारा) ठरवतो, ट्रॅकवर आखलेल्या पट्ट्यातून चाक बाहेर काढायचं नाही. लाल दिवे विझले की निघायचं. मागच्या रांगेत असाल तर दिवे नीट दिसत नाहीत, समोरच्याच्या मानेकडे बघा आणि आवाज ऐका. दोन गाड्यांमध्ये फट ठेवून मग धावत येण्याचा मोह सगळ्यांना होतो. पुढे कुणी ब्रेक मारला तर तीच फट तुम्हाला त्याच्या अंगावर नेते.

दुसरी चूक इथे. पुढचं बंपर विशिष्ट क्लॅम्पवर बसवलेलं असतं, आणि कुणाला मागून धडकलात की ते आत सरकतं. शर्यतीच्या शेवटी ते सरकलेलं दिसलं तर वेळेचा दंड, बहुधा पाच सेकंदांचा. पाच सेकंद म्हणजे तेव्हाच्या गर्दीत नऊ जागा. मी पहिल्या वळणात समोरच्याला जेमतेम टेकलो होतो, फिरवलंही नव्हतं. उतरताना बंपर हाताने ओढून जागेवर आणावं असं वाटेल. आणू नका, तिथे कॅमेरे आणि अधिकारी दोन्ही असतात, आणि मग तो दंड मोठा होतो. बंपर घट्ट बसवलेलं आहे ना, क्लॅम्प नवीन आहेत ना, हे प्रत्येक हीटआधी पाहा.

१०. काटा

या टप्प्यावर जरा थांबतो, कारण माझी तिसरी चूक सर्वांत महाग पडली आणि ती सर्वांत टाळता येण्यासारखी होती.

शर्यत संपली की हेल्मेट-हातमोज्यांसकट थेट काट्यावर जायचं. वाटेत कुणी पाण्याची बाटली दिली तर घ्यायची नाही, गाडीला कुणी हात लावायचा नाही. किमान वजनापेक्षा १०० ग्रॅम कमी भरलं तरी हीट बाद. इथे सूट नाही, दयामाया नाही, आणि असूही नये.

दुसऱ्या हीटला मी शेवटून निघून सोळावा आलो. खुशीत काट्यावर चढलो. ४०० ग्रॅम कमी. आदल्या संध्याकाळी सीट सरकवताना भावाने शिशाचा एक तुकडा काढून चटईवर ठेवला होता, तो परत लावायचा राहिला. चार दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोललो, हे वेगळं.

म्हणून असं करा. पॅडॉकमधला अधिकृत काटा बहुतेक ठिकाणी स्पर्धकांसाठी खुला ठेवतात. पहिल्याच दिवशी पूर्ण पोशाखात, टाकी जवळजवळ रिकामी ठेवून त्यावर चढा. घरच्या काट्याचा आकडा विसरा, शिक्का याच काट्याचा. एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो, त्यामुळे भरल्या टाकीचं वजन फसवं असतं. टायर झिजतात, चेनवरचं तेल उडतं, आणि तुम्ही स्वतः उन्हाच्या दिवशी घामातून वजन घालवता. या सगळ्यासाठी किलो-दीड किलो वर ठेवा. तेवढ्याने पडणारा वेळेचा फरक तुमच्या-माझ्यासारख्याला जाणवणारही नाही. सीटला किंवा शिशाला हात लागला की पुन्हा काट्यावर, कितीही रांग असली तरी.

आणि टाकी अगदी कोरडी पडू देऊ नका. तपासणीसाठी इंधनाचा नमुना काढता आला पाहिजे.

११. झेंडे

पाठ असतातच, पण गडबडीत आठवत नाहीत. पिवळा हलताना दिसला की वेग कमी आणि ओव्हरटेक बंद, दोन पिवळे असतील तर थांबायची तयारी. लाल म्हणजे शर्यत थांबली, सावकाश सांगितल्या जागी. निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेली गाडी येतेय, रेषा न बदलता जाऊ द्या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर: गाडीत काहीतरी लोंबतंय, आत या. बहुतेक वेळा एक्झॉस्ट असतो. काळा-पांढरा तिरका म्हणजे ताकीद, नुसता काळा म्हणजे घरी.

फिरून थांबलात तर दोन्ही हात वर, म्हणजे मागच्यांना कळतं की तुम्ही हलणार नाही. मग गाडी कडेला आणि तुम्ही कठड्यामागे. शर्यत संपेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच.

१२. पाऊस आला तर

वेट (पावसाळी) टायर रिमवर चढवूनच न्या, त्यांचा वेगळा रिमसेट ठेवा. पुढची चाकं बाहेर, मागची आत, वेट टायरमध्ये हवा कोरड्यापेक्षा जास्त. एअरबॉक्सवर (इंजिनाला हवा देणारा डबा) पावसाळी झाकण. एवढं दहा मिनिटांत करता यायला हवं, घरी घड्याळ लावून सराव करा. ओल्यात नेहमीच्या रेषेवर रबर साचलेलं असतं आणि ते साबणासारखं होतं, तेव्हा वळण बाहेरून घ्या.

संचालकांनी ‘वेट’ जाहीर केलं नसेल तर टायरचा निर्णय तुमचा. ट्रॅक वाळू लागला की वेट टायर तीन-चार फेऱ्यांत भाजून निघतात. मी तरी अशा वेळी प्री-ग्रिडवर जाणत्या लोकांच्या गाड्यांकडे बघतो आणि त्यांच्यातले जास्त जे करतील ते करतो.

१३. फायनलनंतर

फायनलला पोचलात तर उत्तम. नाही पोचलात तर दुसरी फायनल असते का ते बघा, आणि नसेल तर कठड्याशी उभं राहून पुढच्या दहा जणांचं पहिलं वळण बघा. मी तेच केलं.

संध्याकाळी घाईने सामान आवरू नका. निकाल तात्पुरता लागतो, मग हरकतीची मुदत असते, तोवर गाड्या पार्क फर्मेत राहतात. दंडाची लेखी सूचना हातात पडली तर त्यावर वेळ लिहून घ्या, हरकत घ्यायची मुदत त्या वेळेपासून मोजतात आणि ती लहान असते. हरकतीला फी लागते आणि ती फेटाळली गेली तर परत मिळत नाही. कागद शांतपणे भरा. आवाज चढवून उपयोग झालेला मी पाहिलेला नाही, आवाजाचा वेगळा दंड झालेला पाहिलाय.

गाडी हातात आल्यावर त्याच रात्री टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, नाहीतर मिश्रणातलं ऑइल जेटमध्ये चिकटतं. टायरवर कुठल्या सत्रात किती फेऱ्या झाल्या ते खडूने लिहा. भाड्याचा ट्रान्सपॉन्डर सीटच्या पाठीमागे तसाच घरी येतो आणि अनामत तिकडेच राहते, तेव्हा ट्रॉलीवर दोरी बांधण्याआधी सीटमागे एकदा हात घालून बघा.